पासिंगला जाताना गाडी अख्खी धुवायची

...आणि वर मलाच विचारतात, "अहो, एवढं काय खाजवताय?" आता खाजवू नको तर काय करू, टाळ्या वाजवू? नाही नाही, तुम्ही बसा हो, तुम्हाला बघून नाही खाजवत मी, हे आपोआप होतं, हात आपला आपण वर जातो, शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी घुटमळतो, मी त्याला म्हणतो नको रे, चारचौघांत बसलोय, आणि मग... एक मिनिट हं... हां. हाऽऽ. झालं. बोला. म्हणजे तुम्ही नका बोलू, मीच बोलतो. तर छातीवर नवे केस येतायत. अठरा दिवस झाले. आणि केस जाताना काय दुखतं ते एकदाच, पण येताना? येताना एकेक जण रोज हजेरी लावतो! शर्ट घातला की टोचतं, काढला की थंडी वाजते, बनियन घातलं तर ते वरच अडकून बसतं, खाली यायचं नाव नाही. कशासाठी चाललंय हे सगळं? तुम्हाला सांगतो, अगदी गळ्याची शपथ घेऊन सांगतो, माझं त्या केसांशी काही भांडण नव्हतं!

कसं असणार भांडण? सतराव्या वर्षी आले ते, आणि आता मी छप्पन्नचा. एकोणचाळीस वर्षं एका शर्टात राहिलो आम्ही. भरपूर होते, कबूल आहे. शाळेत पोहायला शिकवणारे सर म्हणायचे, "तू आधी स्वेटर काढून ये." लग्न झालं तेव्हा आमची ही दोन दिवस नुसती बघत होती, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हिवाळ्यात बरं आहे." संपला विषय! त्यानंतर तिने कधी नाव काढलं नाही. आणि आता तर त्यांना कामही होतं, बरं का. आमची नात, लेकीची मुलगी, अडीच वर्षांची, दुपारी आमच्याकडे येऊन माझ्या छातीवर झोपते. पलंगावर नाही, आईच्या कुशीत नाही, आबाच्या छातीवर. आणि झोपताना मूठभर केस असे गच्च धरते, उभा प्रवासी वरचा दांडा धरतो ना, तशी. आता प्रवाशाने दांडा धरलाय म्हटल्यावर गाडीला हिसका द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवायला नको, त्यामुळे मी हलत नाही. ती घोरते, मीही घोरतो. काय वाईट चाललं होतं, सांगा?

तर हो, मी बस चालवतो. शहरातली, लाल रंगाची, अठ्ठावीस वर्षं. आणि दरवर्षी आमची तपासणी असते. डोळे बघतात, कान बघतात, दम बघतात. यावर्षी डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि लावूनच ठेवली. मी म्हटलं, यांना झोप लागली की काय! तर म्हणाले, "मध्येच एखादा ठोका चुकतोय." म्हटलं, साहेब, पुढे रिक्षा आडवी आली की चुकतोच. ते हसले नाहीत. म्हणाले, "चोवीस तासांचं यंत्र लावू. छातीला पाच पट्ट्या चिकटवतात, त्याला वायरी, कमरेला एक डबी. दिवसभर हृदय काय करतं ते त्यात उमटतं. रिपोर्ट येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

स्टिअरिंगला हात लावायचा नाही! अहो, हे वाक्य बोलायला सोपं आहे. दोन वर्षं राहिलीयत माझी, ती मी गाडीवर काढणार, शेवटच्या दिवशी शेवटची फेरी मीच मारणार आणि गाडी डेपोत लावून किल्ली टांगणार, हे माझं ठरलेलं. आणि डेपो मॅनेजरने मला कुठे बसवलं? हरवले-सापडलेच्या खिडकीत! "तात्पुरतं हो," म्हणाले. आमच्याकडे तात्पुरतं म्हणजे काय, विचारा. माझ्या आधी त्या खिडकीत जो बसायचा, त्यालाही गुडघा दुखतोय म्हणून तात्पुरतं बसवलं होतं, गुडघा तीन महिन्यांत बरा झाला, माणूस अकरा वर्षांनी तिथूनच निवृत्त झाला. तर मी बसलो. समोर लोखंडी कपाट. कपाटात चौदा छत्र्या, एक डाव्या पायाचा बूट, कुकरची शिट्टी आणि एक कवळी. कवळी! मला सांगा, माणूस कवळी बसमध्ये कशी विसरतो? उतरताना कंडक्टरला "थांबवा" कसं म्हणाला असेल? पाळीभर मी त्या कवळीकडे बघायचो, ती माझ्याकडे बघायची, आणि बाहेर माझी गाडी दुसराच कुणीतरी काढायचा, तीही पहिल्या गिअरवर रडवत. कळतं हो आवाजावरून. जीव तुटायचा माझा.

मग यंत्राची वेळ घ्यायला दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी, यंत्र लावते तीच, अगदी गोड आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी दहाला या. आणि काका, छातीवर केस आहेत का?" आहेत का! म्हटलं, बाई, आहेत. "मग थोडे काढावे लागतील, पट्टी नीट चिकटायला." आणि फोन ठेवला.

थोडे.

ऐकलं होतं मी, नीट ऐकलं होतं, बहिरा नाही मी. पण इथे तुम्हाला आमच्या डेपोतली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस वेडा आहे. आमची गाडी दरवर्षी पासिंगला जाते. म्हणजे इन्स्पेक्टर बघतो, गाडी रस्त्यावर सोडायच्या लायकीची आहे की नाही, आणि शिक्का मारतो. मी नवीन होतो तेव्हा एकदा घाईत नुसतं गाडीचं तोंड धुऊन पासिंगला नेलं. काच चकाचक, दिवे चकाचक! इन्स्पेक्टर आला तो मागून आला. मागे बोटभर चिखल. त्याने बोटानेच त्या चिखलात लिहिलं, "परत." मी अख्ख्या शहरातून ती गाडी "परत" लिहून चालवत आणली! लोक हात करून हसत होते! त्या दिवसापासून माझा नियम आहे, पासिंगला जाताना गाडी अख्खी धुवायची. टप धुवायचं. खालून धुवायची. बघो न बघो. सव्वीस वेळा पासिंग झालं त्यानंतर, एकदा कुणी बोट दाखवलेलं नाही. आता माझंच पासिंग, आणि त्यावर माझं स्टिअरिंग अवलंबून, आणि मी "थोडे" धुऊन जाऊ? मी? म्हटलं, शक्यच नाही, सगळे काढायचे. आणि तरी तुम्हाला सांगतो, माझं त्या केसांशी काही भांडण नव्हतं!

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती बैठक बसली. बायको म्हणाली, "त्यात काय एवढं, दाढीचं रेझर फिरवा." मुलगा लगेच मोबाइल काढून बसला. आमचा मुलगा म्हणजे... पाणी प्यायचं असलं तरी आधी वाचतो. "बाबा, थांबा. कोरड्यावर रेझर चालवायचं नाही. आधी केस कात्रीने बारीक करायचे. मग कोमट पाण्याने भिजवायचं, फेस लावायचा, नवीन पातं घ्यायचं, दुसऱ्याचं वापरायचं नाही, आणि केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने फिरवायचं." मी आरशात बघितलं. दिशा? अहो, चौकातला सिग्नल बंद पडल्यावर गाड्या असतात ना, तशी दिशा! चारही बाजूंनी घुसलेले! म्हटलं, वाहतूक पोलीस बोलवू का? आणि कात्रीबित्री कोण करत बसणार... फिरवलं तसंच. दोनदा फिरवलं, रेझर गच्च. धुतलं, परत फिरवलं, परत गच्च. तीन रेझरं खलास झाली तेव्हा उजव्या बाजूला माझ्या तळहाताएवढी मोकळी जागा झाली होती आणि तिला दोन ठिकाणी खरचटलं होतं. मुलगा दाराबाहेरून म्हणतो, "बाबा, कात्री वापरली होती ना?" म्हटलं, तू जेव.

मग बायकोने क्रीम आणलं. खालच्या औषधाच्या दुकानातून, गुलाबी नळी. लावायचं, थांबायचं, पुसायचं, केस गायब. मुलगा नळीवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लागला, बातम्या सांगतात तशा आवाजात. "आधी थोड्याशा जागेवर लावून चोवीस तास वाट बघावी. जळजळ झाल्यास वापरू नये." म्हटलं, चोवीस तासांनी पासिंग होऊन गेलेलं असेल, पुढे वाच. "खरचटलेल्या जागी लावू नये." पुढे वाच. "पाच ते सहा मिनिटं ठेवावं. दहा मिनिटांच्या वर कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये." हे मात्र ऐकून मला हसू आलं! पाच मिनिटं! अहो, गाडीला साबण लावल्यावर पाच मिनिटांत काय निघतं? धूळ निघते. ऑइल धरलेलं असेल तर भिजू द्यावं लागतं. माझे केस एकोणचाळीस वर्षांचे जुने, ते काय पाच मिनिटांत ऐकणार? लावलं मी सगळीकडे, पाटीभर सिमेंट लावावं तसं, आणि बाथरूममध्ये स्टुलावर बसलो. वास असा, असा वास, की डोळ्यांतून पाणी! दहा मिनिटं झाली. बायको बाहेरून, "अहो, झालं का?" भिजू दे अजून! पंधरा झाली. "अहो, मुलगा म्हणतोय धुवा!" त्याला म्हणावं, तू गाडी धुतलीयस का कधी? वीस मिनिटं झाली आणि तुम्हाला सांगतो... आधी कोमट वाटलं. मग गरम वाटलं. मग मी उठलो. मग मी नळाखाली होतो. मधलं काही आठवत नाही.

केस गेले हो. गेले सगळे, गठ्ठ्याने गेले, मोरी तुंबली. आणि केस गेल्यावर खाली जी छाती निघाली ना, ती बघून मीच दचकलो. लाल! आमच्या गाडीचा रंग असतो अगदी तोच लाल, रेझरने खरचटलं होतं तिथे तर आणखी एक शेड गडद. वारा लागला तरी आग. बायकोने बघितलं, तोंडावर हात ठेवला, आणि गेली ती थेट फोनकडे. मला कळलंच कुणाला लावतेय.

मेव्हणी. हिची धाकटी बहीण. तिचं पार्लर आहे, दोन गल्ल्या सोडून. चांगली आहे हो बाई, आपल्या कामात पक्की आहे, पण तिची एक पिशवी आहे. काळी, चेनवाली. ती पिशवी घेऊन ती दारात उभी राहिली ना, की आमच्या घरातल्या पुरुषांना कामं आठवतात. आली, बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "भावोजी! रेझर मारल्यावर क्रीम? तेही वीस मिनिटं? माझ्या गिऱ्हाईकाने असं केलं असतं तर मी दारात उभं केलं नसतं!" मग पहिलं काम तिने काय केलं, तर गार पाण्यात सुती फडकं भिजवून छातीवर टाकलं. तेवढ्यासाठी मी तिला अजून दुवा देतो. म्हणाली, "आता पुढच्या बाजूला काहीही लावायचं नाही. ना क्रीम, ना पावडर, ना सेंट. नुसतं राहू द्यायचं." आणि निघाली. पिशवी न उघडता निघाली, बरं का! देवासारखी बाई! दारापर्यंत पोचली होती!

आणि मी म्हणालो... अहो, कुणी म्हणवलं माझ्याकडून, मला आजही कळत नाही... मी म्हणालो, "आणि पाठ?"

बायको म्हणाली, "पाठीचं कुणी विचारलंय का तुम्हाला?" बरोबर होतं तिचं. पाच पट्ट्या छातीला, डॉक्टर म्हणाले होते. पण माझ्या डोळ्यांसमोर तो चिखल, आणि त्यात ते बोट! म्हटलं, "इन्स्पेक्टर मागूनच बघतो!" मेव्हणी मागे वळली. तिचे डोळे चमकले. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला.

वॅक्स. आता तिने सगळं रीतसर केलं, खोटं कशाला बोलू. वॅक्स गरम केलं, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघितलं, "भाजायला नको," म्हणाली. साखरेचा त्रास आहे का विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलं, "असेल तर मी हात लावणार नाही" म्हणाली. मुलगा मागून, "एकाच जागी दोनदा लावायचं नसतं ना, मावशी?" "नाही रे राजा, कातडी येते वर." कातडी येते वर! हे माझ्यासमोर, माझ्याच पाठीबद्दल, दोघं शांतपणे बोलतायत! मी विचारलं, दुखतं का? तर म्हणते कशी, "मुंगी चावल्यासारखं."

तुम्हाला सांगतो, त्या मुंगीचं मला एकदा तोंड बघायचंय! मानेपासून कमरेपर्यंत मधोमध पट्टी लावली, हाताने दाबली, "श्वास सोडा भावोजी" म्हणाली, मी सोडला, आणि तिने... मी जो ओरडलो... समोरच्या फ्लॅटमधल्या आजी बेल वाजवून विचारायला आल्या, "कुणी पडलं का?" बायको म्हणाली, "नाही हो, यांचं पासिंग आहे." दुसरी पट्टी मी लावूच दिली नाही. मेव्हणी म्हणाली, "अर्धं काम ठेवतं का कुणी?" म्हटलं, मी ठेवतो. ती आवरता आवरता मला समजावत होती, आता लेझर असतं भावोजी, पाच-सहा वेळा जायचं, पण ते डॉक्टरांकडेच करायचं, कुठेही नाही... मी पालथा पडून उशी चावत होतो. तेव्हापासून माझ्या पाठीवर एक रस्ता आहे, सरळ, वर्दळ नाही, दोन्ही बाजूंना झाडी. आणि हे सगळं कुणासाठी? ज्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं त्यांच्यासाठी!

सकाळी दहाला दवाखान्यात हजर. ती यंत्रवाली मुलगी, माझ्या मुलापेक्षाही लहान असेल, हातात पट्ट्या घेऊन आली. "काका, शर्ट काढा." काढला. अगदी ऐटीत काढला, बरं का. आणि ती नुसती उभी राहिली. पुढून बघितलं, मागे गेली, मागून बघितलं... बघितलं ना मागून! मी म्हटलंच होतं!... आणि परत पुढे आली. "काका, हे काय केलंत?" म्हटलं, तुम्ही म्हणाला होतात, केस काढावे लागतील. "थोडे म्हणाले होते. पाच ठिकाणी. नाण्याएवढे. आणि ते मीच काढते, इथे, या एवढ्याशा मशीनने, अर्धं मिनिट लागतं." अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं तिने, केवढं ते. एवढं! माझ्या शर्टाच्या बटणापेक्षा जरासं मोठं! मी म्हटलं, बरं, झालं ते झालं, चिकटवा आता पट्ट्या. तर म्हणते, "नाही चिकटवता येणार. या कातडीवर लावली तर उद्या काढताना कातडी पट्टीबरोबर येईल. दहा दिवसांनी या. तोवर सैल सुती शर्ट घाला, खाजवू नका, फोड आले तर लगेच दाखवायला या. आणि काका," हात जोडले तिने, "काहीही काढून येऊ नका."

परत! बोटाने चिखलात लिहिलं नाही एवढंच!

दहा दिवस खिडकीत. आता मला सवय वाईट, कुठे बसवलं की नीटनेटकं करायचं. छत्र्या रंगाप्रमाणे लावल्या. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, कुठल्या गाडीत सापडली, कुठल्या सीटखाली. शिट्टीवाली बाई येऊन शिट्टी घेऊन गेली. कवळीवाले आजोबाही सापडले, मीच त्या रूटच्या कंडक्टरला विचारून विचारून शोधले, आले, घातली, आणि पहिलं वाक्य बोलले, "उशीर केलात." आणि सहाव्या दिवशी मॅनेजर आला, खिडकीवर कोपर ठेवून म्हणतो, "वा! असा माणूस या खिडकीला आजवर मिळाला नव्हता. काय म्हणता, कायमचंच करून टाकू का?" माझ्या हातातली छत्री खाली पडली! मी चांगलं काम करतोय म्हणून माझं स्टिअरिंग जाणार! दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हिरव्या छत्र्या काळ्यांत मिसळून ठेवल्या. दुपारपर्यंत राहवलं नाही, परत लावल्या.

आणि घरी? घरी तर त्याहून वाईट. दवाखान्यातून परतलो त्याच दुपारी नात आली, नेहमीसारखी. मी शर्ट घालून पडलो होतो. ती चढायला लागली, मी म्हटलं, बाळा, आबाला बाऊ झालाय, आज नुसतं बाजूला झोप. बाजूला झोपली बिचारी. हात मात्र शर्टात घातला. हळूच घातला हो, बाऊ म्हटलं होतं ना मी. चाचपलं. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. उठून बसली, गळ्यातून आत डोकावून बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, मीच आहे का म्हणून. "आबा, केस कुठे गेले?" म्हटलं, हरवले बाळा. आणि ती मला काय म्हणाली सांगू? तिने मला खिडकीत बसलेलं बघितलं होतं ना, कपाट दाखवलं होतं मीच तिला. म्हणाली, "मग तुझ्या खिडकीत बघ ना."

डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. खोटं नाही सांगत. अठ्ठावीस वर्षांत मी प्रवाशाला हिसका बसू दिला नाही आणि हिचा दांडाच काढून टाकला! झोपेना ती. कूस बदल, रड, उठ, परत पड. माझी उशी धरून बघितली, चादर धरून बघितली. शेवटी तो एवढासा हात माझ्या गालावरून वर वर गेला आणि कानापाशी थांबला. आता या वयात कानाला थोडे केस येतात, सगळ्यांनाच येतात, हसू नका, तुमचेही दिसतायत मला इथून. उजव्या कानाच्या पाळीवर जरा बरे होते. ते सापडले तिला. चिमटीत धरले, एक मोठा उसासा टाकला, आणि झोपली. मी जागा. मान अशी... अशी वाकडी.

तर दहाव्या दिवशी गेलो. काही काढून गेलो नाही, दाढीसुद्धा करू की नको असा प्रश्न पडला होता. त्या मुलीने मशीन घेतलं, नुकतेच आलेले खुंट पाच ठिकाणी काढले, नाण्याएवढे, खरंच अर्धं मिनिट, मी विचारतोय सुरू कधी करणार, तोवर पट्ट्या लावूनसुद्धा झाल्या. कमरेला डबी. आणि एक वही दिली, दिवसभर काय करता ते वेळेसकट लिहायचं. हे आपलं काम! फेऱ्यांचा तक्ता भरायची सवय आहे मला. ११.०५, चहा. ११.४०, जिना, दोन मजले, मध्ये थांबा नाही. १.१५, जेवण. २.००, नातीसह झोप, कान गुंतलेला. सगळं लिहिलं.

तीन दिवसांनी रिपोर्ट. डॉक्टर ती लांबलचक पट्टी बघतायत, मी त्यांच्या भुवया बघतोय. दोन वर्षांची नोकरी त्या भुवयांवर होती माझी. घाम फुटला, आणि घाम नव्या खुंटांवर आला की काय होतं ते विचारू नका. म्हणाले, "छान आहे. अधूनमधून एखादा ठोका इकडेतिकडे होतोय, तुमच्या बाबतीत त्यात काही काळजीचं नाही. चहा कमी करा. किती घेता?" म्हटलं, फेरीला एक. "आणि फेऱ्या?" मी खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांची पेन्सिल एका जागी थांबली. "हे काय? दिवसभर सगळं शांत, आणि इथे चार वाजून दहा मिनिटांनी एकदम एकशे अडतीस? जिना चढलात? भांडण झालं? धावलात?" वही उघडली. मीच लिहिलेलं होतं, सुवाच्य अक्षरात. "४.१०, मेव्हणी आली. हातात पिशवी."

डॉक्टरांनी दोनदा वाचलं. विचारलं, "काय होतं पिशवीत?" म्हटलं, सफरचंदं. पण ते मला ४.१२ ला कळलं.

हसले हो डॉक्टर! पहिल्यांदा हसले, खुर्ची मागे गेली त्यांची, आणि हसता हसताच शिक्का मारला. फिट! तो शिक्का कागदावर पडला ना, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. खिडकीची किल्ली मॅनेजरच्या हातात दिली तेव्हा त्याचं तोंड पडलं होतं, माझं मात्र फुललं होतं. गाडीत बसलो. सीट कुणीतरी पुढे ओढून ठेवली होती, ती मागे घेतली. आरसा जागेवर आणला. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि दोन मिनिटं नुसता बसलो. सुख हो, दुसरं काय म्हणतात त्याला? आज सकाळची पाळी तीच करून आलोय, सहा फेऱ्या, एकालाही हिसका नाही. फक्त सिग्नलला थांबलो की हात दुसऱ्या बटणापाशी जातो.

आणि काल संध्याकाळी परत मेव्हणी आली, पिशवी घेऊन, आणि या वेळी सफरचंदं नव्हती. "भावोजी, आता ड्यूटीवर रुजू झालात, चारचौघांत बसणार, कानावर किती केस आलेत बघा, दोन मिनिटांत काढून देते." बायको म्हणाली, "खरंच अहो." मुलाने मोबाइल काढला, "मावशी, कानाच्या आत चिमटा घालायचा नसतो, नाजूक जागा असते, ओढून काढले तर जखम होऊन पिकतं, बोथट टोकाची कात्री..." म्हटलं, थांबा! सगळे जागेवर थांबा! एक केस इकडचा तिकडे करायचा नाही! छातीवरचे कामावर हजर होईपर्यंत कानावरचे बदली ड्यूटीवर आहेत!

ते हजर व्हायला अजून तीन महिने लागतील, मुलाने वाचून सांगितलंय. तोवर रोज पाळी संपवून घरी गेलो की तेच, ती गाढ झोपलेली, माझा कान तिच्या चिमटीत, मान वाकडी, छातीला खाज, आणि खाजवायला हात उचलावा तर ती जागी होते. दुखतंय, टोचतंय, सगळं आहे. पण सांगणार कुणाला? आमच्याकडे बदलीवाल्याला रजा नसते.